समाजकार्यातली पहिली नोकरी: मुलाखतीत पगाराचं बोलायचं की नाही?

केसफाईल

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, निकाल लागला की मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, मुलाखतीला बोलावलंय. पगाराचं विचारू का? वाईट दिसेल का?" दरवर्षी मी एकच उत्तर देते आणि दरवर्षी कुणी ना कुणी ज्येष्ठ माझ्यावर नाराज होतात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

विचारा. नुसता आकडा विचारून थांबू नका. प्रकल्पाचा निधी कधीपर्यंत आहे, पत्रात 'वेतन' लिहिणार की 'मानधन', आणि काम बंद होणार असेल तर किती दिवस आधी कळवणार, एवढं विचारल्याशिवाय सही करू नका.

'मानधन' हा शब्द कानाला गोड लागतो. पण बहुतेक वेळा तो शब्द आला की पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. काही ठिकाणी नऊ ते सहा हजेरी लावणारी मुलगी कागदावर 'सल्लागार' असते आणि तिचे 10 टक्के टीडीएस कापून हातात देतात. 11 महिन्यांचं पत्र, मग चार दिवसांचा खंड, मग पुन्हा नवं पत्र.

"समाजसेवा करायला आलात की पैसे कमवायला?" हे मला माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं. मी ओशाळले, गप्प बसले आणि जे पत्र मिळालं त्यावर सही केली. काम मेळघाटात, कुपोषणाचं. एका पाड्यावर दीड वर्षाची मुलगी होती. दंडाला पट्टी लावली तर माप लाल भागात, म्हणजे तीव्र कुपोषण, 11.2 सेंटीमीटर. होळीला घरचे सगळे मजुरीवरून परत आले होते, म्हणून आई भेटली तरी. पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस राहायचं म्हटल्यावर ती नाहीच म्हणाली. घरी आणखी दोन लेकरं, त्यांना कोण बघणार? तिसऱ्या खेपेला मी आईशी बोललेच नाही, आजीजवळ चुलीपाशी बसले. आजी म्हणाली, दोघांना मी सांभाळते. सोमवारी न्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात 27 मार्चला फोनवर मेसेज आला की 31 ला प्रकल्प बंद होतोय, रजिस्टर जमा करा. पेट्रोलचा भत्ता बंद, राहायची खोली संस्थेची, तीही सोडायची. मी तिथल्या आशाताईंना फोन करून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आपली कामं सोडून मुलीला नेलं. दोन दिवसांत आई लेकराला घेऊन परत आली. "ती पोरगी येते म्हणाली होती, आलीच नाही," असं आजी आशाताईंना म्हणाली. पुढे त्या मुलीचं काय झालं ते मला कळलं नाही.

माझा पगार बुडाला, तो मी विसरले. पण माझ्या पत्रावरची मुदत त्या घराला भोवली, ते विसरता येत नाही. मुलाखतीत मी निधीची मुदत विचारली असती, तर निदान मार्चमध्ये कुणाला शब्द दिला नसता.

डोंगरवाट

ताई, वाचून वाईट वाटलं. 4 दिवस आधी कळवणं चूकच. पण बाकीचं पटत नाही.

मी सात माणसांची संस्था चालवतो. 2020 मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला. त्याआधी शहरातल्या मोठ्या संस्था परदेशी निधीतून आमच्यासारख्यांना हिस्सा द्यायच्या. ती वाट कायद्यानेच बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आता उरला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा. कंपनी वर्षाचा करार करते आणि दुसऱ्या वर्षाचं उत्तर मे उजाडला तरी देत नाही. मग मी मुलाखतीला आलेल्या मुलीला कुठल्या तोंडाने तीन वर्षांची हमी देऊ? मागच्या वर्षी चार महिने मी स्वतः काही घेतलं नाही, पण सातही जणांचे पैसे दिले.

आणि मनातलं बोलतो. पहिलाच प्रश्न पगाराचा आला की माझं मन खट्टू होतं. समोरच्याने निदान विचारावं की गावं किती, रस्ता कसा, लोक कोणते. पहिली दोन वर्षं शिकायची असतात. तुम्ही सांगता तसे प्रश्न विचारत विचारत मुलं पुण्या-मुंबईच्या फाउंडेशनमध्ये जातात आणि आमच्या तालुक्यातली जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेची किंमत कोण मोजतं?

दोनटक्के

मी सीएसआर विभागात आहे. डोंगरवाट सर, तुमची अडचण खरी, पण त्यातला अर्धा भाग गैरसमजावर उभा आहे आणि तो गैरसमज आमच्याच बाजूने पसरलाय. 2021 च्या नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला. संस्थेच्या कार्यकर्त्याचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. तरी कितीतरी कंपन्या 5 टक्के दाखवून संस्थेचं अंदाजपत्रक छाटतात. शिवाय कायद्यात 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत प्रकल्प नेता येतो. एका वर्षाचाच करार करा असं कायदा म्हणत नाही.

प्रस्तावात पीएफसह पूर्ण पगार लिहा. आम्ही खोडला तर कारण लेखी मागा.

डोंगरवाट

नियम मलाही ठाऊक आहे. लेखी कारण मागितलं की पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत, हेही ठाऊक आहे. तुमच्या टेबलासमोर माझ्यामागे संस्थांची रांग आहे, तुम्हाला ती बसल्या जागेवरून दिसत असेल.

पण 'चालू प्रकल्प' हा शब्द या वेळी वापरून बघतो.

चावडी

मी दहावी. एकोणीस वर्षं वनहक्काच्या दाव्यांवर काम करतो. 2006 चा कायदा आल्यापासून किती ग्रामसभांत बसलो याचा हिशोब नाही. मोजणी, नकाशे, पुरावे, सगळं हाताने केलंय.

दरवेळी नव्या प्रकल्पात 'समन्वयक' म्हणून एमएसडब्ल्यूवाला येतो, माझ्या दुप्पट पगारावर, आणि गावात मी नेल्याशिवाय त्याला कुणी चहा विचारत नाही. वर्षभराने तो जातो. जाताना अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊन जातो, अहवालाखाली सहीपण त्याची. तुम्ही सगळे पदवीवाल्यांच्या पगारावर बोलताय. माझ्या पत्रावर एकोणीस वर्षं 'मानधन'च आहे, त्याचं बोला.

केसफाईल

दादा, हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. माझे प्रश्न तुमच्यासाठीही तेच आहेत, किंबहुना आधी तुमच्यासाठी. एक मात्र मान्य नाही. आम्ही नुसती पुस्तकं वाचून येत नाही. दोन वर्षं आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, प्रत्येक भेटीचं लिखाण, त्यावर पर्यवेक्षकांच्या लाल शाईच्या खुणा. आजीशी बोलायचं हे मला त्या लाल शाईनेच शिकवलं.

वॉर्डातली

मी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, सरकारी रुग्णालयात. इथे सगळे संस्था एके संस्था करताय म्हणून लिहिते. नोकरी शोधणाऱ्यांनी रुग्णालयाकडे बघा. आपल्याकडे पहिली वैद्यकीय समाजसेविका 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमली गेली, म्हणजे ही वाट काही नवी नाही. अवयव प्रत्यारोपणाची नोंदणी असलेल्या रुग्णालयाला समन्वयक नेमावाच लागतो, तिथे आपली माणसं आहेत. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. ते कागद बघायला, नातेवाइकांशी बोलायला माणूस लागतो. एचआयव्ही समुपदेशन, कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष. यांतली पुष्कळ पदं कंत्राटी, हे खरं. पण जाहिरात निघते, अर्हता छापलेली असते, आकडाही छापलेला असतो. विचारायची लाज वाटत नाही.

केसफाईलशी माझा मतभेद इतकाच की मुलं पगार विचारायला शिकतात, पण स्वतःचं काम दाखवायला शिकत नाहीत. परवा एका जागेसाठी मुलाखती घेतल्या. मी विचारलं, शिधापत्रिका नाही, रुग्ण बेशुद्ध, सोबत फक्त चौदा वर्षांचा मुलगा. पहिला फोन कुणाला कराल? आठ जणांनी 'समुपदेशन करू' असं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "आधी त्या मुलाला जेवलास का विचारीन, मग त्याच्या गावच्या सरपंचांचा नंबर काढीन." तिला घेतलं. तिने पगारही विचारला होता, सगळ्यांत आधी.

टेम्सकाठ

मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये बालसंरक्षणात. इथे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवून घेता येत नाही, तो शब्द कायद्याने राखलाय. भारतातली माझी पदवी, क्षेत्रकार्याचे तास, सगळं तपासून मगच नोंदणी मिळाली. आपल्याकडे 1936 पासून, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेपासून, हे शिक्षण आहे आणि तरी वकिलांना किंवा परिचारिकांना आहे तशी परिषद आपल्याला नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, बाकीचे बाहेरच. परिषद असती तर 'मानधन' लिहायला कुणी धजावलं नसतं.

चावडी

आणि परिषद आली की पहिला मीच बाहेर.

टेम्सकाठ

दादा, अनुभवावर नोंदणीची तरतूद ठेवता येईल. सुरुवातीला तरी ठेवायलाच हवी.

चावडी

तरतूद कागदावर असते. वनहक्कातही तरतूद होती, आमच्या गावाला पट्टे मिळायला किती खेटे घातले ते मला विचारा.

दुसरं वर्ष संपलं

सगळ्यांना नमस्कार. मी हे सगळं हातात पत्र घेऊन वाचतेय. जिल्ह्याच्या गावी, किशोरवयीन मुलींसोबतचं काम. 11 महिने, 'मानधन' 16 हजार. घरी बाबा म्हणतात बी.एड. कर. उद्या फोन करून कळवायचंय. मला काम आवडलंय. डोंगरवाट सर, मी हे प्रश्न विचारले तर मी पैशासाठी आले असं खरंच वाटेल?

डोंगरवाट

बाळ, आधी कामाबद्दल दोन प्रश्न विचार, मग पैशाचे. क्रम बदलला की ऐकणाऱ्याचा कानही बदलतो. पण विचार.

केसफाईल

क्रमाचं सर म्हणतात ते मान्य. फोनवर विचारलंस तरी उत्तर ईमेलवर माग.

दुसरं वर्ष संपलं

केला फोन. आधी विचारलं मुली शाळेतल्या की शाळा सुटलेल्या. त्या ताई अर्धा तास बोलल्या. विटभट्टीवरच्या मुली आहेत, सहा महिने इथे, सहा महिने कुठे ते ठाऊक नाही. मग बाकीचं विचारलं. निधी पुढच्या मार्चपर्यंतच आहे. पीएफ नाही, कारण संस्थेत वीस माणसं नाहीत. प्रवासाचे पैसे वेगळे देणार. 'मानधन'चं 'वेतन' करायला हिशोबनीस तयार नाहीत, ताई त्यांच्याशी बोलून बघणार आहेत. मुदत संपण्याची सूचना किती दिवस आधी, यावर त्या म्हणाल्या की हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, तुम्हीच सुचवा.

सोमवारी रुजू होतेय. किती दिवस लिहू?

वॉर्डातली

तीस.

केसफाईल

साठ लिही. विटभट्टीवरच्या मुलींना निरोप पोचवायला तीस पुरणार नाहीत.