चिनी 'श्वांगज्यांग' अन् आपली स्वाती एकाच टायमाला कशी काय?

औशाचा रब्बीवाला:
नमस्कार मंडळी. पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी चीनच्या 24 सौर खुणांचा तक्ता काढत बसलो होतो. 23-24 ऑक्टोबरला 'श्वांगज्यांग', म्हंजे दहिवर गोठून पांढरं व्हायचे दिवस, 7-8 नोव्हेंबरला 'लीदोंग', हिवाळा लागला, मग 22 च्या आसपास 'श्याओश्वे' म्हंजे थोडं बर्फ. सहज भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं तर सूर्य स्वातीत जातो 24 ऑक्टोबरच्या आसपास अन् विशाखात 6 नोव्हेंबरला, मी तर चाटच पडलो. त्यांचं कॅलेंडर चंद्रावरचं ना? मग हे कसं जुळलं? अन् हरभरा पेरायला याचा उपयोग होईल का?

परभणीचा आकाशवेडा:
भाऊ, लई छान नजरेत आलं तुमच्या. त्यांचे महिने चंद्राचे, पण या 24 खुणा निव्वळ सूर्याच्या. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे 15-15 अंशाचे 24 तुकडे, श्वांगज्यांग 210 अंशावर, लीदोंग 225 वर. आपण तीच वाट 27 नक्षत्रांत वाटली, म्हणून आपलं एक नक्षत्र 13-14 दिवसांचं. अन् अधिक महिन्याचं तर बघाच, आपल्याकडं ज्या चांद्र महिन्यात संक्रांत, म्हंजे सूर्याचं नव्या राशीत जाणं, येत नाही तो अधिक, त्यांच्याकडंही 24 पैकी ठरलेल्या 12 खुणांतली एकही ज्या महिन्यात पडत नाही तो जास्तीचा धरतात, मला हे कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.
पण स्वातीचं जुळणं हा सध्याचा योग आहे. त्यांची मोजणी दिवस-रात्र समान होतात तिथून, आपली ताऱ्यांवरून, त्यामुळं साधारण 72 वर्षांला एक दिवस आपलं पुढं सरकतं. म्हणून तर सूर्य उत्तरेला वळतो 21-22 डिसेंबरला, त्यांची 'दोंगझी' त्याच दिवशी, अन् आपली मकरसंक्रांत 14-15 जानेवारीला.

गंगाकाठचा म्हातारा:
जुळलं म्हणून पेरू नका बाबांनो. त्या खुणा पिवळ्या नदीच्या खोऱ्यात बसवलेल्या, खुद्द दक्षिण चीनमधी लागू पडत नाहीत. तिकडं ऑक्टोबरात कडाका, आपल्याकडं दुपारी ऊन चटके देतं. स्वाती आपल्याकडं पावसासाठी बघायची, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' हे उगाच नाही म्हणत. कोरडवाहू हरभरा वाफशावर अन् ओलीवर पेरायचा, ढेकूळ हातात दाबून बघा, तारीख नका बघू. गव्हाला मात्र थंडी पाहिजे, पाणी असंल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या.
लीदोंगला उत्तरेकडचे लोक उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी खातात म्हणे, च्याओत्सं. आपला शेतातला सण येळवस मार्गशीर्ष अमावस्येला, कडब्याची कोप म्हंजे खोपटं, भज्जी अन् आंबिल, तोवर थंडी चांगली मुरलेली असती.

औशाचा रब्बीवाला:
काका, ढेकळाचं लक्षात ठेवतो, वरच्या वावरात अजून ओल हाय, उद्या सकाळी बघूनच येतो. पोरीला आता दोन चक्रं शेजारी शेजारी काढायला लावतो, एक 24 चं, एक 27 चं.