मदत हवी आहे: व्यसन खरंच रक्तातून येतं का?

मंडळी, आम्ही यवतमाळकडचे. सासरे दारूनं गेले, मोठे भासरे त्याच वाटेवर. आता बारावीतल्या पोराच्या खिशात खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी सापडली. सासूबाई म्हणतात, "रक्तातच आहे, तू काय करशील!" मला नाही पटत. दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा साधारण ५० टक्के असतो, तोही एका जनुकाचा नाही, अनेकांचा थोडाथोडा, असं वाचलं. सीवायपी२ए६ जनुकामुळे कुणाच्या यकृतात निकोटीन लवकर मोडतं, कुणाच्या हळू. मग धाकट्या दिरानं दारूला कधी हात लावला नाही, ते कसं? आणि पानठेला तर कॉलेजसमोरच! डीएनए तपासणीवर पैसे घालावेत का? पोराशी बोलायला सुरुवात कशी करू? वर्धा-नागपूरकडे या वयाच्या पोरांसाठी चांगले समुपदेशक असतील तर सांगा.