दंड भरला नाही तर ट्रॅक्टर विकत्यात काय?

कागलचा_गडी: चुलत्याला चेक बाऊन्समधे दंड झालाय, भरला नाही म्हणून ट्रॅक्टर जप्त करून नेलाय, आता लिलाव करणार म्हणत्यात, पण आरसी बुकावर नाव काकूचं हाय, मग?

बारचा_चहा: विकू शकतात भावा. बीएनएसएस म्हंजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी खटल्यांचा नवा कायदा, त्याचं कलम ४६१, जुन्या सीआरपीसीत ४२१. ट्रॅक्टर, गाडी असलं कोर्टाच्या वॉरंटवर विकतंय, जमीन-घर असलं तर कलेक्टरकडं जातंय, शेतसाऱ्याच्या थकबाकीगत वसुली. काकूनं आरसी घेऊन आत्ताच हरकत घ्यावी, लिलावानंतर बोंबलून काय उपयोग.

कागलचा_गडी: दंडाबदली जेल पूर्ण भोगली तर?

करवीरकर: मग खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय वॉरंट निघत नाही. पण त्या दंडातनं फिर्यादीला भरपाई द्यायचा आदेश असला की ही सूट गेली, आणि चेकच्या केसमधे तो बहुतेक असतोयच. आधी निकालाची नक्कल काढा मर्दा.

बारचा_चहा: आणि माणूस गेला तरी मालमत्ता सुटत नाही बरं का.