मदत हवी आहे: गॅमा दिलेल्या उडदाच्या शेंगा अर्ध्या पोकळ, किरणांमुळे की झडीमुळे?

नमस्कार मंडळी,
एम.एस्सी. वनस्पतीशास्त्र, दुसरं वर्ष. कॉलेज तालुक्याला, वावर घरचंच, दारव्ह्याकडे. प्रकल्पासाठी टीएयू-१ या वाणाच्या उडदाच्या बियाण्याला कोबाल्ट-६० या गॅमा किरणांच्या स्रोतावर २००, ३०० आणि ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) डोस देऊन आणला आणि जूनच्या शेवटी पेरला. शेजारी बिनडोसची ओळ कंट्रोल म्हणून.

४०० च्या ओळीत नांग्याच नांग्या. ३०० ची झाडं ठेंगणी राहिली, पण जगली. त्यातल्या चार झाडांच्या शेंगा दाबल्या की मऊ लागतात. एक सोलून तळहातावर धरली: टोकाला दोन दाणे, मधे तीन जागी टाचणीच्या डोक्याएवढे वाळके ठिपके, देठाकडे पुन्हा एक चांगला दाणा. पानं हिरवीगार, पिवळा मोझॅक रोग कुठेच नाही.

घोळ असा की फुलं भरात असताना आमच्याकडे आठ दिवस झड होती. फूलगळ कंट्रोलचीही झाली. सर म्हणतात, "वंध्यत्व आलं असं लिही अन् मोकळी हो." पण गुणसूत्रं तुटून भलतीकडे जुळली आहेत हे मला दाखवायचं आहे. मुळांची टोकं वेळेवर घेतली नाहीत, ती चूक माझी. आता काय बघता येईल? सूक्ष्मदर्शक आरशाचा आहे (लोडशेडिंगमध्ये तोच बरा).

दुसरं म्हणजे बाबा रोज विचारतात, "बाई, हे उडीद खाल्लं तं आपल्याले काही होणार तं नाही?" त्यांना काय सांगू?

काळीमाती:
ताई, मुळांचं दुःख करू नका. डोस दिल्यावर पहिल्या मुळात, पेशी विभागताना, पूल (दोन्ही टोकांकडे ताणलं गेलेलं गुणसूत्र), तुकडे, मागे राहिलेली गुणसूत्रं दिसतात खरी, पण अशा पेशी बहुतेक पुढे टिकत नाहीत. जे टिकून फुलापर्यंत पोचलं ते परागात बघा. शेंड्याला अजून फुलं असतीलच. उद्या उमलेल अशी कळी घ्या, परागकोश स्लाईडवर फोडा, अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, वर काच. भरलेला कण लालभडक आणि गोल, वांझ कण फिका आणि सुरकुतलेला. प्रत्येक झाडाचे निदान तीनशे कण मोजा आणि कंट्रोलचे आधी मोजा. झडीचा दोष असेल तर कंट्रोलमध्येही फिके कण वाढलेले दिसतील. ढोबळ परीक्षा आहे, पण तुमचा निम्मा वाद इथेच मिटेल.

जुना_मास्तर:
वरचं बरोबर, थोडी भर. मक्यात आणि बार्लीत क्ष-किरणांनी आनुवंशिक बदल होतात हे स्टॅडलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दाखवलं. गुणसूत्रं तुटून जुळल्याची अर्धवट वंध्यत्व ही ओळखीची खूण आहे. दोन वेगळी गुणसूत्रं तुटून त्यांचे तुकडे अदलाबदल झाले की त्याला स्थानांतरण म्हणतात. असं झाड दिसायला धडधाकट असतं, कारण माल पुरा आहे, फक्त जागा बदलली. अडचण येते ती पराग आणि बीजांडं घडताना गुणसूत्रं वाटली जातात तेव्हा. काही परागांत एक तुकडा दोनदा जातो, दुसरा जातच नाही. बीजांडांतही तेच. म्हणून पराग साधारण निम्मा वांझ आणि शेंगेत दाणे सुटे सुटे. तुम्ही वर्णन केलेली शेंग तशीच वाटते. झडीने बहुधा अख्खं फूल गळतं.

पुरावा हवा तर लहान कळ्या सकाळी तोडून अल्कोहोल तीन भाग, अ‍ॅसिटिक आम्ल एक भाग यात दिवसभर ठेवा. उडदात २२ गुणसूत्रं, म्हणजे ११ जोड्या दिसायला हव्यात. त्याऐवजी ९ जोड्या आणि चार गुणसूत्रांची एक कडी दिसली की काम झालं. पूल आणि सोबत एक सुटा तुकडा दिसला तर तो गुणसूत्राचा एक भाग तिथेच उलटा जुळल्याचा मामला, वेगळं प्रकरण. परागकोश गंजक्या सुईने ठेचा, लोहामुळे रंग चढतो.

बी फांदीवार वेगळं ठेवा. डोस देताना बियातल्या गर्भात अनेक पेशी असतात, प्रत्येकीला वेगळा मार बसतो, म्हणून एकाच झाडाची एक फांदी बिघडलेली आणि दुसरी ठणठणीत असू शकते. उडीद स्वतःच्याच परागावर धरतो, पिशव्या बांधायची गरज सहसा पडत नाही. पुढच्या हंगामात त्या फांदीच्या रोपांपैकी साधारण निम्मी पुन्हा अर्धवांझ निघाली तर पावसाचं नाव कोणी घेणार नाही. जुन्या प्रबंधांत डोस किलोरॅडमध्ये असतो. १ किलोरॅड म्हणजे १० ग्रे. यात लोक फार गोंधळतात.

बाबांना सांगा, उन्हात वाळवलेली तूर रात्री उजेड देत नाही, तसंच हे. कोबाल्ट बियाला शिवतही नाही, किरण आरपार जातात. टीएयू म्हणजे ट्रॉम्बे अकोला उडीद. त्याच्या एका पालकाची निपज किरण दिलेल्या उडदातूनच झालेली आहे. हे दाणे मात्र खाऊ नका, मोजायचे आहेत.

धागाकर्ती:
खूप आभार. आज मोजले. कंट्रोल जवळपास सगळा लाल. ३०० च्या सात नंबरच्या झाडाला डाव्या फांदीवर निम्म्याच्या आसपास फिके, उजव्या फांदीवर नाही! मला वाटलं स्लाईड बदलली गेली, म्हणून दोनदा केलं. कळ्या घातल्या आहेत. टीएयूचं ऐकून बाबा गप्पच झाले, ते वीस वर्षं हेच पेरतात.

एक राहिलं: दिवसभरानंतर कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून फ्रिजमध्ये चालतील ना? लॅब आता पोळ्यानंतरच उघडणार.

काळीमाती:
चालतील. बाटलीत चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.