मदत हवी आहे: ऑल-अराउंड विजेत्यांचा तक्ता

जिम्नॅस्टिक्समधील पुरुष ऑल-अराउंड (म्हणजे सगळ्या प्रकारांचे गुण मिळून ठरणाऱ्या) जगज्जेत्यांचा तक्ता करतोय, पण जुन्या काळापाशी अडलोय. 1930 साली लक्झेंबर्गमध्ये योसिप प्रिमोझिच जिंकले, तेव्हा रिंग, बार अशा साधनांसोबत धावणे, गोळाफेक, बांबूउडीही होती! आज फक्त सहा साधनं. मग प्रिमोझिचना जपानच्या कोहेई उचिमुरांच्या शेजारी कसं बसवायचं? उचिमुरांची 2009 ते 2015 मधली सलग सहा विजेतेपदं मला तरी अद्वितीय वाटतात.

1954 ला सोव्हिएत संघाचे चुकारिन आणि मुरातोव्ह संयुक्त विजेते होते. त्यांना एकाच ओळीत घेतोय. गुणांचा रकाना मात्र छळतोय, कारण 2006 पासून एका कसरतीला जास्तीत जास्त दहा गुणांची मर्यादाच गेली.

युद्धपूर्व विजेत्यांचा वेगळा तक्ता करू का? आणि गुणांऐवजी दुसऱ्या क्रमांकाशी असलेलं अंतर टक्क्यांत दिलं, तर तुलना न्याय्य होईल का? जाणकारांनी कृपया सांगा.