माइकशिवाय नाटक : इमारतीची करामत की गळ्याची?

तिसरी_घंटा : मुंबईला गेलो होतो, चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस बघून आलो. १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ ला बंद, २०१६ ला दुरुस्त होऊन पुन्हा सुरू. घोड्याच्या नालासारख्या बाल्कन्या, सोनेरी नक्षी. बालगंधर्व तिथं गायले, तेव्हा माइक कुठं होते? सोलापुरात पुढचं नाट्यगृह याच साच्यात बांधा. आपल्याकडं मागच्या रांगांत नुसता आवाज पोचतो, शब्द नाही.

विंगेतला : साफ असहमत. नालाच्या आकारात आवाजापेक्षा मिरवणं जास्त. बॉक्समधल्या, म्हणजे बाजूच्या खासगी कप्प्यांतल्या श्रीमंतांना समोरचे श्रीमंत दिसावेत म्हणून. गोलाकार भिंत उलट आवाज एका जागी गोळा करते. वाचवते ती नक्षी, कारण ती आवाज विखुरते. आणि मखमल नि माणसं घुमारा, म्हणजे बोलणं थांबल्यावरही घुमत राहणारा आवाज, पितात. जर्मन ऑपेराकार वागनरनं बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात १८७६ साली नाल मोडून पंख्यासारखी बैठक केली, वादक रंगमंचाखाली झाकले. तिथला घुमारा विरायला दीड सेकंद लागतो. गाण्याला झकास, पण गद्य नाटकाला सेकंदभर पुरे. त्याहून लांबला की शब्दावर शब्द चढतो.

कडक_भाकरी : मग सोप्पंय की बे! भिंतींना चादरी टांगा. सोलापुरात काय तोटा?

विंगेतला : हसण्यावारी नेऊ नका. हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या वर्गात १८९५ पासून वॉलेस सेबिन या भौतिकशास्त्रज्ञानं खुर्च्यांच्या गाद्या आणून हेच मोजलं. पण भिंतीला चिकटलेली चादर वरचे सूर गिळते, ढोल तसाच घुमतो. मागं पोकळी सोडा, घड्या घाला, मग थोडा खालचाही पकडते.

तिसरी_घंटा : सेबिनच्या आधी इटलीतल्या मिलानचं ला स्काला ऑपेरागृह १७७८ लाच उभं होतं ना? जुन्या गवंड्यांना कळत होतं.

पार्कचौक : काका, फसलेली थिएटरं पाडली गेली, कित्येक जळाली. उरलेली बघून सगळेच जुने हुशार वाटतात. शिवाय ऑपेराचा गायक ३००० हर्ट्झच्या आसपास जोर लावतो, म्हणून वाद्यांच्या वर ऐकू येतो. आपला नट कुजबुजतोय, त्याला नाल काय करणार?

तिसरी_घंटा : तालमीत कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवायचे, ते का सोडलं?

विंगेतला : हे मात्र पटलं. पण पंख्यांची घरघर बंद करा आधी. आणि लग्नालाही चालेल म्हणून जमीन सपाट ठेवणं थांबवा. पुढच्यांच्या डोक्यांवरून घासत येणारा आवाज मागं पोचेपर्यंत निम्मा संपतो.