वेब ऑडिओच्या ग्राफमध्ये तारेचा स्वर ३७५ हर्ट्‌झच्या वर चढत नाही

नमस्कार. वेब ऑडिओ एपीआयमध्ये (ब्राउझरमध्ये आवाज तयार करण्याची सोय) नोड, म्हणजे आवाजावर एकेक काम करणारे घटक, जोडून मी छेडलेल्या तारेचा आवाज तयार करीत आहे. पद्धत १९८३ साली प्रसिद्ध झालेली कार्प्लस-स्ट्राँग हीच आहे: नॉइजचा अगदी छोटा तुकडा डिले नोडमध्ये (आवाज थोडा उशिरा पुढे देणारा नोड) सोडायचा आणि त्याचे आउटपुट लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी दाबणारा) व ०.९८ गेनमधून (आवाजाला गुणणारा आकडा) पुन्हा त्याच डिलेला जोडायचे; ही फेरी म्हणजेच लूप. सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे सॅम्पल (नमुने), ४८,००० आहे.

२२० हर्ट्‌झचा स्वर सुरेल येतो. फिल्टरमुळे होणारा थोडा विलंब मी डिलेतून वजा करतो. ४४० हर्ट्‌झसाठी मात्र लूप सुमारे १०९ सॅम्पलचा (४८,००० भागिले ४४०) हवा, आणि तेथे डिले कितीही कमी केला तरी स्वर ३७५ च्या किंचित खालीच अडकून राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे ग्राफची, म्हणजे जोडलेल्या नोडच्या जाळ्याची, प्रक्रिया १२८ सॅम्पलच्या ब्लॉकने होत असल्यामुळे लूपमधील नोडला स्वतःचे आउटपुट पुढच्या ब्लॉकपूर्वी मिळूच शकत नाही, आणि म्हणून लूपमधील डिले किमान एका ब्लॉकइतका धरला जातो. ४८,००० भागिले १२८ म्हणजे नेमके ३७५. सॅम्पल रेट दुप्पट केल्यास मर्यादा ७५० वर जाते, पण गणनेचा भारही दुप्पट होतो आणि वरचे सप्तक तरीही हाती लागत नाही.

(सुरुवातीला आवाज विझण्याऐवजी वाढत जात होता. लो-पासचा क्यू (कटऑफजवळ, म्हणजे फिल्टर दाबू लागतो तेथे, किती उठाव द्यायचा तो आकडा) डेसिबलमध्ये असतो व मुळात १ असतो, त्यामुळे कटऑफजवळ लूपचा एकूण गेन १ च्या वर जात होता. तो क्यू उणे ३ केल्यावर हे थांबले.)

आता संपूर्ण लूप ऑडिओ वर्कलेटमध्ये (जेथे आवाजाची प्रक्रिया स्वतःच्या कोडने, प्रोसेसर लिहून, करता येते), एकेका सॅम्पलने चालणाऱ्या सर्क्युलर बफरवर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरली जाणारी साठवण) लिहावा असे वाटते. त्याआधी दोन बाबतींत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. एकाच वेळी आठ तारा वाजवायच्या असल्यास प्रत्येक तारेसाठी वेगळा प्रोसेसर ठेवावा, की एकाच प्रोसेसरमध्ये सर्व तारा हाताळून बेरीज बाहेर द्यावी? दुसरे म्हणजे, १०९.०९ सारख्या अपूर्णांकी लांबीसाठी लिनिअर इंटरपोलेशन (शेजारच्या दोन सॅम्पलमधली किंमत सरळ रेषेने काढणे) वापरले तर ते स्वतःच वरच्या फ्रिक्वेन्सी दाबते, आणि तेही अपूर्णांकानुसार कमीजास्त, म्हणून शेजारचे दोन स्वर वेगवेगळ्या वेगाने विझतात. त्याऐवजी ऑलपास (कोणतीही फ्रिक्वेन्सी न दाबता फक्त विलंब देणारा फिल्टर) वापरल्यास, स्वर वाजत असतानाच मींडसाठी लांबी बदलताना खट्‌ असा आवाज येतो का, आणि येत असल्यास तो कसा टाळावा?